पांजरापोळ ते पशुवैद्यक महाविद्यालय : जीवदयेच्या शिक्षणाचा इतिहास

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत जीवदयेवर एक लेख असणारच, हे वाचकांनी गृहीत धरलेच असेल. भगवान नेमिनाथांनी लग्नमंडपाच्या दारातून रथ का वळविला, हे येथे कोणास सांगावे लागत नाही. दयेसाठी आपण किती द्रव्य दिले, याचा हिशोबही समाजाने चोख ठेवला आहे. पण मुक्या जिवाची शुश्रूषा कशी करावी हे आपण कोणाकडून शिकलो, कोठे शिकलो आणि शिकलो की नाही, हा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभ आपल्या पाठशाळेपासूनच करावा लागतो. अकराव्या शतकातील शांतिसूरींचे ‘जीवविचार प्रकरण’ हे एक्कावन्न गाथांचे लहानसे प्राकृत पुस्तक आजही अनेक पाठशाळांत मुखोद्गत करून घेतले जाते. आपण ते धर्माचे पुस्तक म्हणून शिकतो. वस्तुतः ते जीवशास्त्राचे पहिले क्रमिक पुस्तक आहे. शंख, कवडी, जळू हे द्वींद्रिय. मुंगी, ढेकूण, ऊ, वाळवी हे त्रींद्रिय. विंचू, माशी, भुंगा हे चतुरिंद्रिय. पंचेंद्रिय तिर्यंचांत जलचर, स्थलचर व खेचर. स्थलचरांत पुन्हा चार पायांचे, छातीने सरपटणारे आणि भुजांनी चालणारे. साप एका वर्गात आणि मुंगूस दुसऱ्या वर्गात. जीवांचे एकूण ५६३ भेद मोजले आहेत. त्यांपैकी तिर्यंचांचे ४८. इंद्रियांच्या संख्येवरून प्राण्यांचे वर्गीकरण करणारी ही दृष्टी आधुनिक प्राणिशास्त्राशी सर्वत्र जुळते असे नाही, आणि ओढूनताणून जुळविण्याची आवश्यकताही नाही. परंतु मुंगीपर्यंत खाली वाकून तिला कोणकोणत्या संवेदना असतील असा प्रश्न विचारणारी माणसे आपल्या परंपरेत होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

त्याच परंपरेतील हंसदेव या जैन पंडिताने तेराव्या शतकात ‘मृगपक्षिशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पशुपक्ष्यांचे प्रकार, त्यांचे स्वभाव, वयोमान यांचे वर्णन करणारा हा ग्रंथ अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी मराठीत आणला, हे आपले भाग्य.

आचारधर्माकडे पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जखडून बांधणे, मारणे, अवयव छेदणे, पेलणार नाही इतके ओझे लादणे आणि चारापाणी रोखणे. ही यादी वाचताना गोठ्यातील बैल डोळ्यांसमोर उभा राहतो. त्या काळचा श्रावक पशुपालक होता. उपासकदशांगातील आनंद श्रावकाकडे प्रत्येकी दहा हजार गायींचे चार व्रज होते. अशा घरात कोणत्या गायीला पोटफुगी झाली आणि कोणत्या बैलाचा खांदा सुजला, हे ओळखणारे डोळे असलेच पाहिजेत. पुढे समाजाचा मोठा भाग व्यापाराकडे वळला, शहरात आला, आणि दया राहिली तरी हात मात्र गोठ्यापासून दूर गेले. दक्षिण महाराष्ट्रातील आपले शेतकरी बांधव याला अपवाद आहेत. त्यांच्या घरी हे ज्ञान अजून टिकून आहे.

हात दूर गेले, तेव्हा संस्था उभी राहिली. पिएत्रो देल्ला वाले या नावाने ओळखला जाणारा एक इटालियन प्रवासी १६२३ साली खंबायतला आला होता. तेथील पक्ष्यांचे रुग्णालय पाहून तो चकित झाला. त्याने नोंदविलेले एक दृश्य मला फार मोलाचे वाटते. आईबापांविना सापडलेली उंदरांची पिले एका पेटीत कापसात ठेवलेली होती आणि पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध गृहस्थ नाकावर चष्मा लावून पक्ष्याच्या पिसाने त्यांना दूध पाजीत होता. परदेशी माणसाला त्यात गंमत वाटली असेल. पण विचार करावा. नुकत्याच जन्मलेल्या पिलाला ऊब हवी म्हणून कापूस, वाटीने पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाईल म्हणून पीस, आणि बारीक काम म्हणून चष्मा. ही केवळ करुणा नव्हे, हे कौशल्य आहे. त्या वृद्धाला ते कोणी तरी शिकविले असणार किंवा तो चुकतमाकत शिकला असणार. त्याचे नाव मात्र त्या प्रवाशानेही लिहिले नाही, आणि आपल्या महाजनांच्या वह्यांत तर देणगीदारांचीच नावे असतात.

गुजरातच्या पांजरापोळींत ‘जीवातखाना’ही असे. घरोघरचे किडके धान्य तेथे आणून ठेवीत, म्हणजे त्यातील जिवांना आयुष्य पुरे करता यावे. आज कोणी यास हसेल, परंतु ‘जीवविचार’ पाठ केलेल्या समाजाचे ते तर्कशुद्ध आचरण होते.

मुंबईची पांजरापोळ कशी निघाली, हे आजच्या तरुणांना ठाऊक नसते. त्या काळी शहरात भटकी कुत्री मारण्याचा सरकारी प्रघात होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पैशाच्या लोभाने घराच्या ओसरीवरची कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. ६ जून १८३२ रोजी, पारशी बांधवांच्या पवित्र दिवशी, याविरुद्ध उद्रेक झाला. पारशी धर्मात श्वानाला मोठे स्थान आहे. त्यांच्यासोबत हिंदू, जैन आणि अन्य व्यापारीही उभे राहिले, बाजार बंद झाले, अखेर फौज बोलवावी लागली. या प्रकरणातून धडा घेऊन १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशा, म्हणजे मोतीचंद अमीचंद, यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात मुंबई पांजरापोळ स्थापन झाली. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर व पालिताण्याची मोतीशा टूक बांधणारे हेच ते मोतीशा. १८३६ साली त्यांचे देहावसान झाले. म्हणजे पांजरापोळ हे त्यांच्या अखेरच्या कार्यांपैकी एक. खर्चासाठी कापसासारख्या मालाच्या व्यवहारावर ‘लागा’ बसविण्यात आला. कोणत्याही सरकारी फर्मानाविना व्यापाऱ्यांनी स्वतःवर लादून घेतलेला हा कर. आम्हा कापडवाल्यांच्या पूर्वजांनी गासडीगासडीमागे जीवदयेचा वाटा काढला, याचा अभिमान वाटतो. त्याबरोबरच हेही नमूद केले पाहिजे की, या थोर पुरुषांच्या चीनच्या व्यापारात अफूही होती. इतिहास लिहिताना सोयीचे तेवढेच लिहू नये.

त्यानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी पांजरापोळी झाल्या. नाशिकची पांजरापोळ १८७८ ची. मुंबईत चेंबूरला तर एका संपूर्ण भागालाच ते नाव चिकटले आहे. परंतु या संस्थांत जनावरांना आश्रय मिळे, चारापाणी मिळे. उपचार मिळे तो अनुभवी गुराख्याच्या हातचा. डाग देणे, हळद, तेल, पाला. बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे होत आणि कोणाचाही इलाज चालत नसे.

या ठिकाणी दुसरा प्रवाह येऊन मिळतो, तो शास्त्रीय शिक्षणाचा. त्याचा उगम करुणेत नसून लष्करात आहे. पुण्यात १८६२ साली पशुवैद्यकाची शाळा निघाली ती फौजेच्या घोड्यांसाठी. मुंबईत मात्र दोन्ही प्रवाह एकत्र आले. दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने परळला प्राण्यांचे रुग्णालय उभारले, ते बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. आणि त्याच परिसरात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. त्यांना पुढे जेमतेम पाच वर्षांचे आयुष्य लाभले. दानशूराने रुग्णालय द्यावे आणि त्याच्या शेजारी विद्यार्थ्यांनी शिकावे, ही रचना सुंदर होती. या महाविद्यालयातून बाहेर पडणारा पदवीधर ‘जी.बी.व्ही.सी.’ ही अक्षरे नावापुढे लावी आणि जुन्या मुंबई इलाख्यातील गावोगावच्या दवाखान्यांत त्याला ‘ढोर डॉक्टर’ म्हणत. त्या शब्दातील हेटाळणी अद्याप पुरती गेलेली नाही, आणि आपल्या समाजातील स्थळे पाहताना तर ती विशेष जाणवते.

बुळकांडीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे, कारण मानवी इतिहासात देवीच्या रोगानंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग आहे. १८८९ साली पुण्यातच साम्राज्याची जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली आणि अल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. सांसर्गिक रोगांचे प्रयोग दाट वस्तीत नकोत म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंतील मुक्तेश्वरला नेण्यात आली. तेथेच १९२० च्या दशकात एडवर्ड्‌स यांनी बकऱ्यांच्या साहाय्याने बुळकांडीवरील लस सिद्ध केली. भारतात या रोगाची अखेरची नोंद १९९५ ची; २०११ मध्ये सारे जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. या लसीसाठी प्रयोगशाळेत किती बकऱ्या गेल्या असतील, हा प्रश्न जैन मनात उठल्याशिवाय राहत नाही. तो दडपूही नये. मात्र आपल्या पांजरापोळींतील गायी त्याच लसीने वाचल्या, हेही त्याच वेळी ध्यानात ठेवावे लागते.

हाच पेच आपल्या घरांतील मुलामुलींना दुसऱ्या रूपाने भेटला. एक काळ असा होता की, जीवशास्त्र घेतले म्हणजे बेडूक कापावा लागेल, म्हणून पालक गणिताकडे किंवा वाणिज्य शाखेकडे वळवीत. या लेखकाच्या पिढीतील बी.कॉम. झालेल्यांची संख्या मोजली तर त्यामागे दुकान जेवढे होते, तेवढाच हा बेडूकही होता, असे म्हणण्यास हरकत नाही. परिणाम विपरीत झाला. जीवदयेला सर्वस्व मानणाऱ्या समाजातून जिवांचे शास्त्र शिकलेली माणसे फार थोडी निघाली. आता तो अडसर बराच दूर झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून ते बंद करण्याच्या सूचना दिल्या. पशुवैद्यकाला शरीररचना प्रत्यक्ष पाहिल्यावाचून गत्यंतर नाही, हे खरे. पण पांजरापोळीत नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावराचा देह अभ्यासासाठी का देऊ नये? मनुष्याच्या देहदानाचे आपण स्वागत करतो. त्याच न्यायाने याचाही विचार व्हावा.

ज्ञानावाचून केलेल्या दयेचे काय होते, याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण आपल्याच हयातीत घडले आहे. १९९० च्या दशकात भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या विभू प्रकाश यांना गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे आढळले. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे, जी एके काळी गावाबाहेरच्या प्रत्येक ढोरफोडीवर शेकड्यांनी दिसत, ती दीड दशकात नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. माना टाकून बसलेली गिधाडे झाडावरून खाली पडत. साथ असेल, विष असेल, असे तर्क झाले. कारण उघड झाले ते २००४ मध्ये, पाकिस्तानातील संशोधनातून : डायक्लोफिनॅक. हे सांधेदुखीवरचे साधे, स्वस्त, वेदनाशामक इंजेक्शन. म्हाताऱ्या, लंगडणाऱ्या गायीला वेदना होऊ नयेत म्हणून ते दिले जाई. अशी गाय पुढे मृत्यू पावली आणि तिचा देह उघड्यावर टाकला की, मांसात उरलेल्या औषधाचा अल्पसा अंशही गिधाडाचे मूत्रपिंड निकामी करी.

गायीला इंजेक्शन देणारा मनुष्य निर्दय नव्हता. तो दयाळूच होता. वेदनेने विव्हळणाऱ्या वृद्ध जनावरांचा सांभाळ जेथे होतो, तेथे वेदनाशामके अधिक वापरली जाणे स्वाभाविक होते. एका पंचेंद्रिय जिवाची वेदना शमविताना दुसऱ्या पंचेंद्रिय जिवांचा वंश बुडत होता आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणातील जटायू हा मुनींच्या सान्निध्यात व्रते स्वीकारणारा श्रावक आहे, हे आठवले म्हणजे ही घटना अधिकच बोचते. जमशेटजींच्या पारशी समाजाला, ज्याच्यासोबत आपण पांजरापोळ उभारली, त्याच्या दोखम्यांवरील गिधाडेही नाहीशी झाली आणि त्यांच्या अंत्यविधीच्या परंपरेपुढेच संकट उभे राहिले.

मार्गही शास्त्रानेच दाखविला. मेलॉक्सिकॅम हे तितकेच गुणकारी औषध गिधाडांना अपाय करीत नाही, असे सिद्ध झाले. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आणून जनावरांना टोचण्याचे प्रकार चालू राहिले, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांचे आकारमान तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरते मर्यादित केले गेले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. ही चार नावे पांजरापोळीच्या प्रत्येक विश्वस्ताला पाठ असावीत असे माझे आग्रहाचे मत आहे. औषधांच्या बिलावर सही करताना रकमेबरोबर औषधाचे नावही वाचले पाहिजे.

गोचिडांचा प्रश्न असाच. ‘जीवविचारा’त गायीच्या अंगावरील किड्यांची गणना त्रींद्रियांत केली आहे. गोचीड रक्त शोषते, तापाचे जंतू सोडते. गाय वाचवायची तर गोचीड मारावी लागते, असे डॉक्टर सांगतात, आणि विश्वस्त मंडळाच्या सभेत शांतता पसरते. पण शिकलेला पशुवैद्य आणखी एक गोष्ट सांगतो. गोठ्याच्या भिंतीतील भेगा बुजवाव्यात, शेण साचू देऊ नये, नवे जनावर काही दिवस वेगळे ठेवावे, म्हणजे गोचिडांची उत्पत्तीच थोडी होते. आपले साधू-साध्वी वस्त्रे आणि पात्रे नित्य तपासतात, त्यामागील यतना याहून निराळी नाही. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग महाराष्ट्रात पसरला, तेव्हा माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत होणारा प्रसार रोखण्यासाठी हीच स्वच्छता आणि शेळ्यांच्या देवीवरील लस उपयोगी पडली.

कुत्र्यांचा प्रश्न १८३२ मध्ये सुरू झाला असे वर म्हटले, तो संपला मात्र नाही. १९२६ मध्ये अहमदाबादेत आपल्याच समाजातील गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी पिसाळण्याच्या भीतीने साठ कुत्री मारविली आणि महात्मा गांधींनी त्यांची बाजू घेतली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! दोन्ही पक्ष अहिंसेचेच नाव घेत होते. २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण हा मार्ग दिला. तो सर्वत्र नीट अंमलात येतो असे नव्हे. पण त्यासाठी कुशल शल्यविशारद लागतो, केवळ बिस्किटांचा पुडा नव्हे.

आणि अलीकडची, आपल्या सर्वांच्या मनाला लागलेली गोष्ट. २०२५ च्या जुलैमध्ये नांदणी मठातील महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातमधील वनतारा केंद्रात नेण्यात आली. तिला निरोप देताना गावे रस्त्यावर उतरली. तिच्यावरील प्रेमाविषयी कोणी शंका घेऊ नये. त्याच वेळी न्यायालयापुढे मुद्दा होता तो तिच्या पायांचा, सांध्यांचा आणि ती उभी राहत होती त्या जमिनीचा. या वादात कोणाचे किती खरे, याचा निवाडा करण्याचा अधिकार या लेखकास नाही. एवढेच म्हणतो की, हत्तीच्या पायाची निगा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि तो अभ्यास केलेला एकही मनुष्य आपल्यातला त्या वेळी पुढे उभा करता आला असता, तर आपले म्हणणे निराळ्या वजनाने ऐकले गेले असते.

शिक्षणाची सोय आज हाताशी आहे. ३ डिसेंबर २००० रोजी नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. मुंबईचे जुने महाविद्यालय, नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याजवळील शिरवळ येथील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आहेत. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कार्यानुभवाचे असते. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. ज्यांना इतका दीर्घ अभ्यास शक्य नाही त्यांच्यासाठी दहावीनंतरचे पशुसंवर्धनाचे पदविका अभ्यासक्रमही आहेत. पांजरापोळीत रोज गोठ्यात उभा राहणारा मनुष्य असा पदविकाधारक असेल, तर जनावर खात नाही ही गोष्ट तिसऱ्या दिवशी नव्हे, पहिल्या दिवशी लक्षात येईल.

दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालय १९२९ पासून चालू आहे. १९५७ मध्ये त्याला आजची इमारत मिळाली. जखमी कबुतरे, पोपट, चिमण्या तेथे दाखल होतात आणि पगारी पशुवैद्य त्यांच्यावर उपचार करतात. मांसाहारी पक्ष्यांना आत ठेवीत नाहीत. पण दारातून परतही पाठवीत नाहीत, बाह्यरुग्ण म्हणून मलमपट्टी करून सोडतात. आपल्याकडे संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजाने पंख कापलेले पक्षी दरवर्षी सापडतात आणि कार्यकर्ते त्यांना खोक्यात घालून दवाखान्याच्या शोधात हिंडतात. पंखाचा टाका घालणे हे पायाच्या टाक्याहून वेगळे असते. ते शिकावे लागते. ट्रस्टच्या शैक्षणिक साहाय्याच्या यादीत वैद्यकीय, अभियांत्रिकी व सनदी लेखापाल यांच्या जोडीला पशुवैद्यक पदवी आणि पशुसंवर्धन पदविका या दोन नोंदी वाढवाव्यात, अशी सूचना मी विश्वस्त मंडळाकडे लेखी पाठविली आहे. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींच्या पालकांनी याविषयी ‘नीट’चा निकाल लागण्यापूर्वीच चौकशी करावी, म्हणजे कागदपत्रांची धावपळ होणार नाही.